वाहतूक सल्ला : जुन्या ट्रकचे ब्रेक, गोण्या चढवण्याआधी काटा बघा



चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर निघायला लागलाय. नेप्ती, घोडेगाव, राहुरीला तर गाड्या चालूच आहेत, पण काही सभासद थेट वाशीला माल पाठवतायत. म्हणजे ऐन पावसात एक तर मालशेज उतरायचा, नाहीतर पुण्यावरून खंडाळा. आपल्यातल्या काहींच्या स्वतःच्या गाड्या आहेत, त्याही बहुतेक दहा-पंधरा वर्षं चाललेल्या. बाकीचे भाड्याची गाडी बोलावतात, ती नवी कोरी येईल असं कोणी समजू नका.

म्हणून आजचा संदेश पिकाचा नाही, ब्रेकचा आहे. थोडा लांब आहे. सवडीनं वाचा, आणि ज्यांची गाडी आहे त्यांनी आपल्या ड्रायव्हरला वाचून दाखवा.

"माझी गाडी नाही, मला काय त्याचं" असंही कोणी म्हणू नका. माल आपला असतो, जास्तीच्या गोण्या आपणच चढवायला लावतो, आणि "पहाटेच्या आत पोचलं पाहिजे बरं का" हा तगादाही आपलाच असतो.

*आधी एक घडलेली गोष्ट*

मागच्या हंगामात आपल्या संकलन केंद्रावर एक सहा टायरची गाडी आली. सभासदाची स्वतःची. निम्मी भरून झाली होती. इंजिन बंद होतं आणि केंद्रावर जरा शांतता होती, तेव्हा मागच्या उजव्या चाकाकडून बारीक सूं-सूं आवाज येत होता. ड्रायव्हर म्हणाला, "ते महिनाभर चाललंय साहेब, गाडी चालू असली की हवा भरत राहते, काही अडत नाही." मालक म्हणाला, "एवढी खेप टाकून येतो, मग दाखवतो."

आम्ही काटा बघायचं ठरवलं. पेडल दाबून धरलं तर मिनिटाभरात काटा एक किलोनं खाली आला. मिस्त्री आला, चाकाजवळचा चेंबर उघडला, आतला रबरी पडदा चिरलेला. पडदा पाचशे रुपयांच्या आतला, काम तासाभराचं. गाडी त्या दिवशी उशिरा निघाली. बाजार थोडा उतरला, मालकाची आमच्यावर नाराजीही झाली. ती अजून पूर्ण गेलेली नाही, पण त्याला इलाज नाही.

ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता. सपाट रस्त्याला खरंच काही अडत नाही. महिनाभर अडलं नव्हतं. घाटात मात्र पेडल पुन्हा पुन्हा लागतं. प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते, त्यात गळती, आणि कॉम्प्रेसर जुना. खर्च जास्त आणि आवक कमी झाली की टाकी रिकामी व्हायला लागते. "अचानक ब्रेक फेल झाला" असं आपण बातमीत वाचतो, त्यातले बरेच ब्रेक असे महिनाभर आधीपासून कमी होत आलेले असतात.

*हवेचा ब्रेक चालतो कसा*

मोठ्या ट्रकला पाय नुसता हुकूम देतो, जोर हवेचा असतो. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. पेडल दाबलं की टाकीतली हवा पाइपातून चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, तिथला पडदा दांडा ढकलतो, दांडा स्लॅक ॲडजस्टरला फिरवतो, तो आतला कॅम फिरवतो, आणि कॅम ब्रेक शू पसरवून लायनर ड्रमवर दाबतो. पाय काढला की ती हवा बाहेर सुटते. तो "फिस्स" आवाज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

ठिबक ज्यांनी चालवलंय त्यांना हे समजायला अवघड नाही. मोटर म्हणजे कॉम्प्रेसर, मेन लाइन म्हणजे टाकीपर्यंतचा भाग, व्हॉल्व्ह म्हणजे पेडल, आणि सबमेन-लॅटरल म्हणजे चाकांकडे जाणारे पाइप. ठिबकात प्रेशर पडलं तर आपण काय करतो? व्हॉल्व्ह बंद करून बघतो. बंद असतानाही पडतंय, तर फॉल्ट मेन लाइनला. उघडल्यावरच पडतंय, तर पुढं कुठंतरी. ब्रेकचीही तपासणी अशीच करायची.

*दहा मिनिटांची तपासणी : गोण्या चढवण्याआधी*

गाडी सपाट जागेवर उभी करा. चाकांना पुढून-मागून ठोकळे किंवा मोठे दगड लावा, मगच हँडब्रेक सोडा. ठोकळ्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या. बहुतेक गाड्यांत काटा ७ ते ८ किलोच्या आसपास येऊन थांबतो आणि जादा हवा सुटल्याचा आवाज येतो. गाडीगाडीप्रमाणे थोडा फरक असेल, आपल्या गाडीचा आकडा माहीत करून घ्या. दोन काटे असतील तर दोन्ही बघा, एक पुढच्या ब्रेकचा असतो आणि एक मागच्या.

इथंच एक गोष्ट ठामपणे सांगतो. *काटाच चालत नसेल तर गाडी भरू नका.* जुन्या गाड्यांत मीटर बंद असणं इतकं नेहमीचं झालंय की कोणाला त्याचं काही वाटत नाही. "आवाजावरून कळतं मला" म्हणणारे ड्रायव्हर चांगले असतील, पण घाटात रात्री पावसाच्या आवाजात काय ऐकू येणार?

आता इंजिन बंद. पेडलला हात-पाय लावायचा नाही. पाच मिनिटं काटा बघा. तो जवळपास जागेवर राहायला पाहिजे. दिसण्याइतका उतरत असेल तर गळती मेन लाइनला : टाकी, टाकीची ड्रेन कॉक, जोड, हँडब्रेकचे चेंबर, नाहीतर पेडलखालचा व्हॉल्व्ह. पेडलला हात न लावता त्या व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडातून हवा येत असेल, तर आतल्या रबराची सीट गेली किंवा तिथं कचरा बसलाय.

मग दुसऱ्या माणसाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा. दाबताक्षणी काटा थोडा उतरेल, ते बरोबर आहे, ती हवा चेंबरमध्ये गेली. त्यानंतर मात्र तो थांबला पाहिजे. मिनिटाला पाव किलोच्या आसपास उतरत राहिला तर गळती पुढं आहे : चाकाजवळचा पडदा, रबरी पाइप, किंवा पुन्हा तोच पेडल व्हॉल्व्ह. पेडल दाबलेलं असताना व्हॉल्व्हखालून हवा येत असेल तर व्हॉल्व्ह, चाकाजवळून आवाज असेल तर पडदा किंवा पाइप.

जागा सापडत नसेल तर फवारणीची छोटी बाटली घ्या (औषधाची नको, स्वच्छ धुतलेली), साबणाचं पाणी भरा आणि जोडांवर मारा. बुडबुडे आले की सापडलं. मिस्त्रीला "हवा जातेय कुठंतरी" सांगण्यापेक्षा "मागच्या डाव्या चेंबरच्या क्लॅम्पवरून जातेय" सांगा. त्याचा वेळ वाचतो आणि आपल्याला नको ते सामान बदलून मिळत नाही.

गळती बघून झाली की शेवटी चावी चालू, इंजिन बंद, आणि पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवत जा. साधारण साडेचार-पाच किलोच्या आसपास लाल दिवा किंवा बझर लागला पाहिजे. आणि किती वेळा दाबल्यावर तो लागला ते मोजा. हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. गेल्या महिन्यात जितके दाब मिळत होते त्याच्या निम्मेच आज मिळत असतील, तर मिस्त्री नसतानाही तुम्हाला कळलं की काहीतरी बिघडलंय. बझरची वायर काढून ठेवलेली असेल तर आधी ती जोडा. ती का काढली होती हे ड्रायव्हरला विचारा, उत्तरावरून बरंच कळेल.

*हवा भरायलाच वेळ लागतोय*

पूर्वी चहा पिईपर्यंत हवा भरायची आणि आता त्याच्या दुप्पट वेळ लागतो, असं असेल तर क्रमानं बघा. कॉम्प्रेसरला हवा पुरवणारा फिल्टर आणि त्याचा पाइप चोंदलाय का. बेल्टवरचा कॉम्प्रेसर असेल तर बेल्ट ढिला आहे का. त्यानंतर कॉम्प्रेसरच्या डोक्यातल्या पट्ट्या, आणि अनलोडर अडकलाय का. हे शेवटचं मिस्त्रीचं काम.

टाकीखालची ड्रेन कॉक रोज उघडायची, निदान पावसाळ्यात तरी रोजच. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी बसतं. ते साचलं की हवेला टाकीत जागा उरत नाही, गंज धरतो आणि तो गंज व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. थोडं पाणी निघालं तर ठीक. काळं तेल निघत असेल तर कॉम्प्रेसरची रिंग झिजली आहे, आणि तेच तेल पुढं जाऊन सगळ्या पडद्यांची-रबरांची वाट लावतंय. नुसते पडदे बदलत राहू नका, आधी कॉम्प्रेसर बघा.

*काटा पूर्ण, तरी गाडी थांबत नाही*

इथं बरेच जण फसतात. हवा आहे, गळती नाही, मग ब्रेक कमी का? कारण हवा दांड्यापर्यंतच पोचते. तिथून ड्रमपर्यंतचं सगळं काम लोखंडाचं आहे.

लायनर झिजत जातो तसं ड्रमपासूनचं अंतर वाढतं. दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं. चेंबरमध्ये दांडा ठराविकच बाहेर येऊ शकतो, तो तिथपर्यंत आला की पुढं कितीही हवा द्या, जोर ड्रमवर पोचत नाही. शिवाय ड्रम तापला की फुगतो, म्हणजे अंतर आणखी वाढतं. म्हणून गावात "लागतोय की ब्रेक" वाटणारी गाडी घाटाच्या मध्यावर दगा देते.

तपासायला सोपं आहे. ठोकळे लावलेले, हवा भरलेली, इंजिन बंद. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं बाहेर राहून वाकून प्रत्येक चाकाचा दांडा किती सरकतो ते बघायचं, हात लांब ठेवून. एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे दांडे सारखे सरकले पाहिजेत. ब्रेक लागलेला असताना दांडा आणि स्लॅक ॲडजस्टर यांच्यात साधारण काटकोन दिसावा. स्लॅक दूरवर ढकलला गेलेला दिसला तर समायोजन गेलं.

साध्या, हातानं आवळायच्या स्लॅकला पान्यानं आवळत चाक जाम करायचं, मग चाक मोकळं फिरेपर्यंत थोडं मागं घ्यायचं, साधारण पाव ते अर्धा आटा. दोन्ही बाजू सारख्या. आणि हे ड्रम गार असतानाच करायचं. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या ड्रमवर ब्रेक आवळला, तर गार झाल्यावर ड्रम आकसतो आणि चाक धरून बसतं.

आवळूनही ब्रेक येत नसेल तर ड्रम खोलावाच लागेल. लायनरवर तेल किंवा ग्रीस आलंय का (हबची ऑइल सील गेलेली असते), लायनर काचेसारखा गुळगुळीत झालाय का, रिबिटं दिसायला लागलीत का, ड्रमला आतून तडे आहेत का, कॅमचं बुश ढिलं आहे का. तेल लागलेला लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून परत बसवणारे गॅरेजवाले आहेत. तसं करू नका, आत मुरलेलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतं. आणि लायनर बदलायचा तर ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचा, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढणार.

*ड्रमची उष्णता काय सांगते*

याला पैसे लागत नाहीत. वीस-पंचवीस किलोमीटर साध्या रस्त्यावर चालवून गाडी थांबवा, ठोकळे लावा आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हाताची पालथी बाजू न्या. *हात लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा.* सगळीकडे साधारण सारखी ऊब लागली पाहिजे.

एकच चाक भट्टीसारखं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही : शूची स्प्रिंग तुटली, कॅम गंजून अडकला, किंवा स्लॅक जास्त आवळला. एकच चाक गारठलेलं असेल तर ते कामच करत नाही, आणि त्याच्या वाटचं काम बाकीची चाकं करतायत. आम्हाला गार चाक जास्त काळजीचं वाटतं. तापलेल्याचा वास येतो, धूर येतो, कोणीतरी सांगतं. गार चाकाबद्दल कोणी काही सांगत नाही.

पुढची दोन्ही चाकं गार लागली तर ड्रायव्हरला सरळ विचारा, पुढचा ब्रेक मुद्दाम ढिला ठेवलाय का. "पावसात पुढचा ब्रेक धरला की गाडी फिरते" या भीतीनं तो ढिला करणारे बरेच आहेत. पण ब्रेक मारल्यावर वजन पुढं येतं, पकड पुढच्या टायरला मिळते. तोच ब्रेक काढून टाकला तर थांबायचं अंतर वाढणारच. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन बाजूंतला फरक शोधा.

तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका. ओतीव लोखंड आहे, तडकतं.

*छोट्या गाड्या : ऑइल ब्रेक*

चारशे सात, छोटी आयशर, पिकअप यांचं तंत्र वेगळं. इथं जोर ब्रेक ऑइलचा, आणि मदतीला व्हॅक्यूमचा बूस्टर.

पेडल स्पंजासारखं लागतंय म्हणजे लाइनमध्ये हवा आहे, हवा काढून घ्या, पण ती आली कुठून ते शोधल्याशिवाय थांबू नका. पेडलवर पाय ठेवून राहिलं की ते हळूहळू खाली बसतंय, आणि बाहेर कुठं ओल नाही, तर मास्टर सिलिंडरचे आतले वायसर गेले. चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर व्हील सिलिंडर. पेडल दगडासारखं कडक झालं तर बूस्टर, त्याचा पाइप किंवा व्हॅक्यूम पंप. बूस्टर असा तपासा : इंजिन बंद असताना चार-पाच वेळा पेडल दाबा, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

बाटलीतलं ऑइल कमी झालं तर नुसतं वरून ओतून गप्प बसू नका. एक तर गळती आहे, नाहीतर लायनर झिजलेत. आणि ओतायचं ते झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, "ट्रॅक्टरचं उरलं होतं" यातलं काहीही नाही. त्यानं रबर फुगतं आणि सगळी लाइन बदलायची वेळ येते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं तेच ऑइल १४० अंशांच्या आसपासच उकळू शकतं. घाटात चाकं तापली की ऑइलची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल फळीला टेकतं. गार झाल्यावर सगळं पुन्हा ठीक! त्यामुळं गॅरेजमध्ये दाखवायला नेलं की मिस्त्री म्हणतो, काहीच फॉल्ट नाही. दोन वर्षांतून एकदा ऑइल पूर्ण बदला.

*घाट : थोडा हिशोब*

सोळा टनांची भरलेली गाडी १०० मीटर खोल उतरते, तेव्हा वेग न वाढू देता जी ऊर्जा मुरवावी लागते तिच्यात साधारण ५० लिटर गार पाणी उकळीला येईल. हा हिशोब फक्त १०० मीटरचा. मालशेज उतरताना खोली त्याच्या कितीतरी पट आहे. टायर आणि वारा थोडी ऊर्जा खातात. उरलेली सगळी उष्णता एक तर ब्रेकच्या ड्रममध्ये जाते किंवा गिअर टाकलेला असेल तर इंजिन ती झेलतं. चार ड्रमांवर हंडेच्या हंडे पाणी उकळण्याइतकी उष्णता टाकली तर ते किती वेळ टिकतील?

म्हणून उताराला लागण्याआधीच, वरच, खालचा गिअर टाका. ज्या गिअरवर हा घाट चढला असता त्याच गिअरवर, नाहीतर त्याहून एक खाली. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर वापरा. पेडलवर पाय ठेवून घासत उतरू नका. वेग वाढला की ठाम दाबून तो थोडा कमी करा, सोडा, ड्रमला वारा लागू द्या, पुन्हा दाबा.

न्यूट्रल टाकून, इंजिन बंद करून डिझेल वाचवणं हा तर सरळ जिवाशी खेळ आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकमुळं सुमारे ४८ गाड्यांचं नुकसान झालं. आधी ब्रेक फेल झाल्याचीच चर्चा होती. नंतर पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढं आलं की चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं. बंगळूरला कांदा उतरवून परत येणाऱ्या आपल्या गाड्या त्याच रस्त्यानं, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून उतरतात. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, टाकीत आहे तेवढीच हवा. न्यूट्रल म्हणजे इंजिनाची पकडही गेली. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. दोन-चार लिटर डिझेलचा हा प्रश्न. भाडं ठरवताना डिझेलवरून ड्रायव्हरशी इतकी घासाघीस करू नका की त्याला ते असं वाचवावंसं वाटेल.

वजनाचंही तेच. ५० किलोच्या २० गोण्या म्हणजे एक टन. "एवढ्यानं काय होतंय" म्हणत आपण जो वरचा थर चढवतो, तो बहुतेक वेळा एवढा असतो. आरसीवर जे वजन लिहिलंय त्यासाठी ते ब्रेक बनवलेत, तेही नवे असताना. आणि वेग ४० वरून ६० केला की थांबवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोनपट होते.

मालशेजच काय, आपला करंजी घाट, इमामपूर घाट, चंदनापुरीसुद्धा भरलेल्या जुन्या गाडीला पुरेसे आहेत. रोजच्या वाटेवर माणूस जास्त बेफिकीर होतो. पावसात पाण्यातून गाडी काढल्यावर पेडल हलकं दाबून थोडं अंतर चालवा, लायनर सुकतो. पाणी साचलेला रस्ता पार करून थेट उताराला लागू नका.

*तरीही उतारावर ब्रेक गेला तर*

इंजिन बंद करू नका. क्लच दाबून ठेवू नका. जो गिअर आहे तो सोडू नका, जमत असेल तर एक-एक खाली आणा. हवेच्या ब्रेकला पेडल भराभर मारू नका, उरलेली हवा संपते, एकदाच दाबून धरा. ऑइल ब्रेकला मात्र उलट, भराभर मारा, थोडा दाब परत मिळू शकतो. हँडब्रेक एकदम न ओढता टप्प्यानं. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. जिथं चढ, मुरूम, मोकळं शेत दिसेल तिकडं घ्या. काहीच नसेल तर दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला गाडी घासवत थांबवा. माल जाऊ द्या.

माल वाचवायच्या नादात ड्रायव्हर शेवटपर्यंत स्टिअरिंगशी झगडतो, कारण मालकाचा फोन त्याच्या डोक्यात असतो. म्हणून गाडी निघताना त्याला तोंडानं सांगा : "दादा, वेळ पडली तर माल सोड." आपल्याला एक वाक्य बोलायला काही लागत नाही, त्याला त्याचा मोठा आधार होतो.

*हे जुगाड आमच्या केंद्रावर चालणार नाहीत*

गळणाऱ्या चाकाचा पाइप दुमडून किंवा बोल्ट ठोकून ती लाइन बंद करणं. अडकून पडलेली गाडी रिकामी, हळू, जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरतं कोणी केलं तर त्याची मजबूरी समजू शकते. तशीच भरून पाठवणं नाही.

हवा उतरली की मागच्या चेंबरमधली दणकट स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते आणि गाडी जाम होते. तो बिघाड नाही, गाडी तुम्हाला वाचवतेय. बोल्ट आवळून ती स्प्रिंग दाबून टाकायची आणि हवेशिवाय गाडी पुढं काढायची, हे नको. आणि *तो स्प्रिंगचा चेंबर घरी कधीही उघडू नका.* आतली स्प्रिंग प्रचंड दाबलेली असते, क्लॅम्प सुटला तर झाकण गोळीसारखं येतं. त्यात माणसं मेली आहेत. पडदा बदलायचा असला तरी जाणत्या मिस्त्रीकडूनच.

"फिटनेस आहे की गाडीला" हे उत्तर आम्ही ऐकून घेऊ, पण काटा तरीही बघू. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दोन वर्षांनी होतं, त्यापुढं दरवर्षी. एमएच १६ असो नाहीतर एमएच १७, तपासणीच्या दिवशी गाडी ठीक होती एवढंच तो कागद सांगतो. पडदा त्यानंतर कधीही फाटू शकतो.

(उसाच्या ट्रॉल्यांचं काय, असं काहींनी आधीच विचारलंय. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टरच्या ब्रेकवर भरवसा. गाळप सुरू होण्याआधी त्यावर वेगळा संदेश पाठवू.)

*या आठवड्यापासून*

वाशी किंवा राज्याबाहेर जाणारी प्रत्येक गाडी केंद्रावर भरण्याआधी वर सांगितलेली काट्याची तपासणी होईल. स्वतःची असो वा भाड्याची. ठोकळे आणि साबणाच्या पाण्याची बाटली केंद्रावर ठेवली आहे. गाडी भरायच्या वेळेच्या अर्धा तास आधी आणा. तपासणीत गाडी थांबली तर त्या सभासदाचा माल केंद्राच्या शेडमध्ये उतरवून घेऊ, त्या रात्रीचं शेड भाडं लागणार नाही.

स्वतःची गाडी असलेल्या सभासदांनी आज संध्याकाळी तपासणी करून तीन आकडे याच नंबरवर पाठवा : हवा पूर्ण भरल्यावर काटा किती, पेडल दाबून धरल्यावर मिनिटात किती उतरला, आणि किती दाबांनंतर बझर लागला. लिहायला जमत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. कुठून हवा जाते ते कळत नसेल तर आवाजाचा व्हिडिओ पाठवा, पण काढताना गाडीखाली शिरू नका.